सी++ मध्ये फ्लोट१६, बीफ्लोट१६ आणि फ्लोट१२८: कंपायलर ते लायब्ररी, सपोर्ट कसा द्यायचा

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठून एक आकडा आधी विचारतात: राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी किती? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. समजा ही पातळी नोंदवणारा प्रोग्रॅम तुम्ही लिहिताय आणि जागा वाचवायची म्हणून आकडा बीफ्लोट१६ या दोन बाइटच्या दशांश प्रकारात ठेवलात. पाणी ४२ फूट ११ इंचांवर आहे, म्हणजे ४२.९१६७ फूट. बीफ्लोट१६ च्या पट्टीवर ३२ ते ६४ च्या दरम्यान पाव-पाव फुटाच्याच खुणा असतात, त्यामुळे तो आकडा सरळ ४३ होतो. पाणी धोक्याच्या एक इंच खाली आहे आणि प्रोग्रॅमच्या हिशेबी धोका आला. मग पाणी एक इंच उतरलं, ४२ फूट १० इंच झालं, तर साठवलेला आकडा ४२.७५ होतो, म्हणजे ४२ फूट ९ इंच. नदी एक इंच उतरली, नोंद तीन इंचांची झाली.

हीच पातळी फ्लोट१६ मध्ये ठेवली तर त्याच पट्ट्यात फुटाच्या बत्तिसाव्या भागाची खूण मिळते. ४२ फूट ११ इंच तिथे ४२.९०६२५ म्हणून बसतात. चूक बरोबर इंचाच्या आठव्या भागाइतकी. दोन्ही प्रकार दोन बाइटचेच, पण एक इथे चालतो आणि दुसरा चालत नाही.

हा लेख सी++ बऱ्यापैकी येणाऱ्या पण या नव्या प्रकारांना पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी आहे. इथे कीवर्ड, मॅक्रो आणि फ्लॅगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची, मधल्या खालच्या रेघा जशा दाखवल्या तशाच ठेवून.

आधी ठरवा, नक्की कुठला प्रकार हवा

सी++२३ ने पाच नावं दिली: फ्लोट१६_टी, फ्लोट३२_टी, फ्लोट६४_टी, फ्लोट१२८_टी आणि बीफ्लोट१६_टी. सगळी एसटीडी नेमस्पेसमध्ये, एसटीडीफ्लोट या हेडरखाली. आणि सगळी ऐच्छिक. कंपायलरने एकही दिलं नाही तरी तो मानकाला धरूनच आहे. ही एक गोष्ट पहिल्या दिवशीच मनात पक्की बसली, तर पुढची अर्धी डोकेदुखी वाचते.

फ्लोट१६ मध्ये एक बिट चिन्हाचा, ५ घाताचे, १० अपूर्णांकाचे. न लिहिलेला आघाडीचा बिट धरून अचूकता ११ बिटांची. सर्वात मोठा आकडा ६५५०४. बीफ्लोट१६ मध्ये ८ बिट घाताचे आणि ७ अपूर्णांकाचे. म्हणजे पल्ला साध्या फ्लोटइतकाच, सुमारे ३.४ गुणिले १० चा ३८ वा घात, पण अचूकता फक्त ८ बिटांची. फ्लोट१२८ मध्ये १५ बिट घाताचे आणि अचूकता ११३ बिटांची, म्हणजे दशांशात साधारण ३४ अंक.

ही आकडेवारी पाठ करण्यापेक्षा आपल्या आसपासच्या मापांवर लावून बघा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाचं तापमान १४३७ अंश आलं. १०२४ ते २०४८ या पट्ट्यात फ्लोट१६ ची खूण एक-एक अंशाला आहे, त्यामुळे १४३७ नीट बसतो. बीफ्लोट१६ ची खूण आठ-आठ अंशांना, तिथे तो १४४० होतो. आता साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर या. उसाचा ट्रक १७,२३० किलो भरला. या पट्ट्यात फ्लोट१६ ची खूण सोळा किलोंना, म्हणून नोंद १७,२३२. असे चार ट्रक एकत्र मिळवले तर बेरीज ६५५०४ च्या बाहेर जाते आणि हाती अनंत येतं. शेतकऱ्याच्या उसाचं वजन दोन बाइटच्या दशांशात ठेवायचंच नाही, इतकं सरळ उत्तर आहे.

बेरजेचा आणखी एक सापळा. फ्लोट१६ च्या व्हेरिएबलमध्ये शून्यापासून सुरू करून एक-एक मिळवत जा. २०४८ ला पोचल्यावर गाडी थांबते. २०४९ ला तिथे खूणच नाही. तो २०४८ आणि २०५० च्या बरोबर मध्ये पडतो आणि नियमाप्रमाणे सम बाजूला, म्हणजे परत २०४८ वर येतो. बीफ्लोट१६ तर २५६ लाच थांबतो. कोणतीही एरर येत नाही, लूप फिरत राहतो, बेरीज जागची हलत नाही. म्हणून साठवण दोन बाइटमध्ये आणि बेरीज फ्लोट किंवा डबलमध्ये, ही विभागणी पहिल्यापासून करा.

फ्लोट३२_टी आणि फ्लोट६४_टी बद्दल आमचं मत स्पष्ट आहे: खास कारण नसेल तर वापरू नका. इंट३२_टी हे जसं बहुतेक ठिकाणी इंटचंच दुसरं नाव असतं, तसं हे असेल असं नवख्याला वाटतं. तसं नाही. फ्लोट३२_टी हा फ्लोटपेक्षा वेगळा, स्वतंत्र प्रकार आहे, बिट अगदी तेच असले तरी. फ्लोटचा पॉइंटर मागणाऱ्या जुन्या लायब्ररीला फ्लोट३२_टी चा ॲरे देता येत नाही. तुम्हाला फक्त फ्लोट ३२ बिटांचा आयईईई प्रकार आहे याची खात्री हवी असेल, तर न्यूमेरिक_लिमिट्सचा इज_आयईसी५५९ आणि २४ बिटांची अचूकता स्टॅटिक_असर्टने तपासा आणि फ्लोटच वापरा.

चौघांना वेगवेगळं विचारायचं

"आमच्या कंपायलरला फ्लोट१६ येतो" हे वाक्य अर्धवट आहे. एक दशांश प्रकार चालायला चौघांची साथ लागते. कंपायलरला प्रकार समजला पाहिजे. स्टँडर्ड लायब्ररीत त्याचं नाव, गणिती फंक्शन आणि छपाई असली पाहिजे. रनटाइम लायब्ररीत रूपांतराची मदतनीस फंक्शन असली पाहिजेत. आणि प्रोसेसर ते हार्डवेअरमध्ये करतो की सॉफ्टवेअरमध्ये करावं लागतं, हे माहीत असलं पाहिजे. एकाचा होकार दुसऱ्याला लागू होत नाही, आणि पुढे येणाऱ्या जवळपास प्रत्येक अडचणीचं मूळ इथेच सापडतं.

जीसीसी या कंपायलरची आवृत्ती १३, जी २०२३ मध्ये आली, तिच्यापासून भाषा आणि लायब्ररी दोन्हीकडचं काम झालेलं आहे. नवख्याने सुरुवात इथूनच करावी. उबंटू २४.०४ वर नेहमीची जीसीसी १३ च आहे. उबंटू २२.०४ वर मात्र ती ११ आहे, त्यामुळे जुना लॅपटॉप तसाच चालवणाऱ्यांनी आधी आवृत्ती बघून घ्यावी. विंडोजवर काम करत असाल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबंटू २४.०४ टाकणं हा सर्वात कमी कटकटीचा रस्ता. मायक्रोसॉफ्टचा सी++ कंपायलर हे विस्तारित प्रकार देत नाही.

क्लँग या दुसऱ्या कंपायलरची गोष्ट मधली आहे. त्याला _फ्लोट१६ हा स्वतःचा प्रकार कळतो. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर आवृत्ती १५ पासून. पण एसटीडीफ्लोट हेडरमधली नावं ज्या मॅक्रोंवर उघडतात ते मॅक्रो तो देत नाही. त्यामुळे क्लँग आणि जीसीसीची लायब्ररी अशी जोडी लावली तर चमत्कारिक दृश्य दिसतं: हेडर सापडतं, इन्क्लूड बिनतक्रार होतं, आणि पुढच्याच ओळीला फ्लोट१६_टी नावाचं काही नाही अशी एरर येते. हेडर खरंच आहे, पण आतून रिकामं आहे.

मॅक वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की टर्मिनलमध्ये जी++ टाइप केलं तरी तिथे ॲपलचा क्लँगच धावतो. खरी जीसीसी होमब्रूने घातली की तिच्या नावामागे आवृत्तीचा आकडा लावून तिला बोलवावं लागतं.

पायरी पहिली: मॅक्रोला विचारा

वरचं सगळं वाचून कुणी कोडमध्ये कंपायलरच्या आवृत्त्यांची यादी लिहायला बसेल. तसं करू नका. ती यादी वर्षभरात शिळी होते. हेडर आहे का हे विचारणारं __हॅज_इन्क्लूडही पुरत नाही, कारण रिकामं हेडरसुद्धा "आहे" असंच उत्तर देतं.

मानकाने प्रत्येक प्रकाराला एक मॅक्रो दिला आहे: __एसटीडीसीपीपी_फ्लोट१६_टी__, त्याच धर्तीवर ३२, ६४, १२८ चे, आणि __एसटीडीसीपीपी_बीफ्लोट१६_टी__. तो डिफाइन केलेला असेल तरच ते नाव वापरा. प्रत्येकाला स्वतंत्र विचारा. फ्लोट१६ आहे म्हणून फ्लोट१२८ असेलच असं नाही.

कंपाइल करताना -एसटीडी=सी++२३ हा फ्लॅग विसरू नका. जीसीसी १३ मध्ये _फ्लोट१६ हा कीवर्ड सी++१७ मोडमध्येही चालतो, पण वरचे मॅक्रो आणि एसटीडीमधली नावं २३ च्या मोडमध्येच उघडतात. "काल चालत होतं, आज नाही" या तक्रारीत बहुतेक वेळा बिल्ड फाइलमधला हाच फ्लॅग बदललेला असतो.

पायरी दुसरी: बिल्डमध्ये लिंकपर्यंत तपासणी

मॅक्रो पहिल्या दोघांबद्दल सांगतो. तिसऱ्याचा, म्हणजे रनटाइम लायब्ररीचा पत्ता लिंक करताना लागतो. बिल्डसाठी सीमेक वापरत असाल तर चेक_सीएक्सएक्स_सोर्स_कंपाइल्स नुसतं कंपाइल करून थांबत नाही, लिंकही करतं, म्हणून ते या कामाला योग्य.

त्या तपासणीच्या तुकड्यात एक बारीक गोम आहे. त्यात तुम्ही दीड अधिक अडीच असं स्थिर आकड्यांचं गणित लिहिलंत, तर कंपायलर ते स्वतःच सोडवून मोकळा होतो. रनटाइमची गरजच पडत नाही, तपासणी पास होते, आणि खरा प्रोग्रॅम लिंक करताना आपटतो. म्हणून आकडा व्होलटाइल व्हेरिएबलमधून किंवा मेनच्या आर्ग्युमेंटच्या संख्येतून घ्या. फ्लोट१६ ची बेरीज करा, डबलमधून फ्लोट१६ मध्ये एक रूपांतर करा, एकदा वर्गमूळ काढा. एवढ्यात लागणारी सगळी रनटाइम फंक्शन लिंकरकडे मागितली जातात.

लिंकरने __एक्सटेंडएचएफएसएफ२ सापडत नाही म्हणून ओरड केली तर घाबरून जाऊ नका. ते नाव फोडून वाचता येतं. एचएफ म्हणजे हाफ, दोन बाइटचा. एसएफ म्हणजे सिंगल, साधा फ्लोट. डीएफ म्हणजे डबल. एक्सएफ म्हणजे इंटेलचा ८० बिटांचा. टीएफ म्हणजे १२८ बिटांचा. बीएफ म्हणजे बीफ्लोट. एक्सटेंड म्हणजे लहानातून मोठ्यात, ट्रंक म्हणजे मोठ्यातून लहानात. तेव्हा __ट्रंकडीएफएचएफ२ हे डबलमधून फ्लोट१६ मध्ये उतरवणारं फंक्शन. इंटेल-एएमडीवर ही फंक्शन लिबजीसीसीत, म्हणजे जीसीसीच्या रनटाइम लायब्ररीत, आवृत्ती १२ पासून आहेत. नवा क्लँग आणि जुनी लिबजीसीसी अशी गाठ पडली की हीच एरर येते. उपाय दोन: लिबजीसीसी नवी घ्या, नाहीतर -आरटीलिब=कंपायलर-आरटी देऊन क्लँगची स्वतःची रनटाइम जोडा.

फ्लोट१२८ ची गणिती फंक्शन जीलिबसीमधून, म्हणजे लिनक्सच्या सी लायब्ररीतून येतात. ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी लिनक्सवर ती जीलिबसी २.२६ पासून आहेत; सीमध्ये त्यांची नावं एसक्यूआरटीएफ१२८, साइनएफ१२८ अशी. जुन्या कोडमध्ये __फ्लोट१२८, क्यू प्रत्यय आणि -एलक्वाडमॅथ दिसेल. तो जीसीसीचा मानकाआधीचा मार्ग आहे. क्यू प्रत्यय कडक सी++ मोडमध्ये ओळखला जात नाही. त्याला -एफएक्स्ट-न्यूमेरिक-लिटरल्स द्यावं लागतं. नव्या कोडमध्ये या वाटेला जायची गरज नाही.

पायरी तिसरी: आकडे लिहिताना आणि बदलताना

फ्लोट१६_टी च्या व्हेरिएबलमध्ये नुसतं १.५ टाकलं तर मानकाप्रमाणे ते चूक आहे. नुसतं १.५ हे डबल, आणि डबलमधून लहान विस्तारित प्रकारात आपोआप उतरायला मनाई आहे. प्रत्यय लावा: १.५ नंतर एफ१६, बीफ्लोटसाठी बीएफ१६, मोठ्यासाठी एफ१२८. रूपांतर हवंच असेल तर स्टॅटिक_कास्ट.

जीसीसी इथे नुसती वॉर्निंग देऊन पुढे जाते. तुम्ही शिकत असाल तर -पेडँटिक-एरर्स लावून त्या वॉर्निंगची एरर करून घ्या. दुसऱ्या कुठल्या कंपायलरवर हा कोड जाईल तेव्हा तिथे तो अडायच्या आत इथेच अडलेला बरा.

चढायची परवानगी आहे: फ्लोट१६ मधून फ्लोट, फ्लोटमधून डबल आपोआप जातं. पण फ्लोट१६ आणि बीफ्लोट१६ यांच्यात कुणीच वरचढ नाही. एकाचा पल्ला मोठा, दुसऱ्याची अचूकता मोठी. त्यामुळे दोघांची थेट बेरीज करू दिली जात नाही. दोघांनाही आधी फ्लोटमध्ये चढवा, मग मिळवा. ही मनाई चांगली आहे.

फ्लोट६४_टी आणि डबल यांची बेरीज होते, आणि उत्तराचा प्रकार फ्लोट६४_टी येतो. ऑटो वापरणाऱ्या कोडमध्ये हा प्रकार नकळत पुढे झिरपत जातो. आधी दिलेल्या सल्ल्याला हे आणखी एक कारण.

पायरी चौथी: आपली लायब्ररी तयार करणं

बहुतेक जुन्या कोडमध्ये एकाच फंक्शनचे तीन अवतार असतात: फ्लोटचा, डबलचा, लाँग डबलचा. फ्लोट३२_टी दिला तर बरोबरीचा म्हणून फ्लोटचा अवतार निवडला जातो. पण फ्लोट१६_टी दिला तर तिन्ही रस्ते सारखेच, आणि कंपायलर "संदिग्ध" म्हणून थांबतो. यावर चौथा, पाचवा, सहावा अवतार लिहीत बसू नका. एसटीडी::फ्लोटिंग_पॉइंट कॉन्सेप्टवर एक टेम्प्लेट लिहा. विस्तारित प्रकार त्यात आपोआप बसतात. जिथे "प्रकार फ्लोट आहे किंवा डबल आहे किंवा लाँग डबल आहे" अशी इज_सेमची साखळी असेल, ती काढून इज_फ्लोटिंग_पॉइंट लावा.

टेम्प्लेटच्या आत प्रकार ओळखायला साइझऑफ वापरू नका. दोन बाइट म्हटल्यावर फ्लोट१६ की बीफ्लोट१६ हे कळत नाही. सोळा बाइट म्हटल्यावर तर गोंधळ आणखी मोठा: ६४ बिटांच्या लिनक्सवर इंटेलचा ८० बिटांचा लाँग डबलही सोळा बाइट अडवतो आणि फ्लोट१२८ ही. न्यूमेरिक_लिमिट्समधला डिजिट्स बघा. ८ म्हणजे बीफ्लोट१६, ११ म्हणजे फ्लोट१६, २४ फ्लोट, ५३ डबल, ६४ इंटेलचा ८० बिटांचा, ११३ म्हणजे फ्लोट१२८ च्या घडणीचा. पॉवरपीसीवर १०६ दिसला तर तो दोन डबल जोडून केलेला प्रकार.

लाँग डबलबद्दल इथेच सांगतो, कारण "फ्लोट१२८ नाही तर लाँग डबल घेऊ" हा मोह सगळ्यांना होतो. इंटेल-एएमडी लिनक्सवर तो ६४ बिट अचूकतेचा. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर डबलइतकाच, आणि त्याच विंडोजवर मिंगडब्ल्यूमध्ये, म्हणजे विंडोजवरच्या जीसीसीत, पुन्हा ८० बिटांचा. ६४ बिटांच्या एआरएम लिनक्सवर ११३ बिट अचूकतेचा, पण सॉफ्टवेअरने चालणारा, म्हणून संथ. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवर परत डबलइतकाच. एकच नाव, आणि गाव बदललं की माप बदलतं. तो पर्याय म्हणून घ्यायचाच असेल तर डिजिट्स किमान किती हवेत हे स्टॅटिक_असर्टने लिहूनच घ्या.

आता या लेखातली सर्वात महत्त्वाची सूचना. लायब्ररीच्या सार्वजनिक हेडरमध्ये "मॅक्रो असेल तर आमचा हाफ म्हणजे फ्लोट१६_टी, नसेल तर फ्लोट" असं नाव ठेवू नका. लायब्ररी तुम्ही सी++२३ मध्ये बांधली, वापरणाऱ्याने आपला प्रोग्रॅम सी++२० मध्ये बांधला. आता त्याच स्ट्रक्चरमधला तोच मेंबर तुमच्याकडे दोन बाइटचा आणि त्याच्याकडे चार बाइटचा. नशीब चांगलं असेल तर लिंकर अडतो, कारण फ्लोट१६ घेणाऱ्या फंक्शनचं लिंकरसाठीचं नाव वेगळं तयार होतं. नशीब वाईट असेल तर सगळं लिंक होतं आणि चुकीच्या जागेवरचे बाइट वाचले जातात.

त्याऐवजी साठवणीसाठी यूइंट१६_टी धरून एक छोटं स्ट्रक्चर करा. दोन बाइटचं, सगळीकडे सारखं. त्यातून फ्लोटमध्ये नेणारं आणि फ्लोटमधून आणणारं अशी दोन फंक्शन लायब्ररीत ठेवा. फ्लोट१६_टी उपलब्ध असेल तिथे बिट_कास्टने त्याच्याशी ये-जा करणारी इनलाइन सोय जादा द्या. मूळ आराखडा मॅक्रोवर अवलंबून राहत नाही, आणि ज्याच्याकडे प्रकार आहे त्यालाही अडचण नाही.

फ्लोटमधून बीफ्लोट१६ कडे जाणारं फंक्शन हाताने लिहायला सोपं आहे, म्हणूनच त्यात चुका फार होतात. बीफ्लोट१६ म्हणजे फ्लोटचे वरचे १६ बिट. नुसते खालचे १६ बिट कापले तर आकडा नेहमी शून्याकडेच झुकतो. बरोबर रीत अशी: फ्लोटचे ३२ बिट पूर्णांक म्हणून घ्या, वरच्या अर्ध्याचा शेवटचा बिट वेगळा काढा, मूळ आकड्यात ३२७६७ आणि तो बिट मिळवा, मग १६ बिट उजवीकडे सरकवा. यामुळे जवळच्या खुणेवर, आणि बरोबरी झाली तर सम खुणेवर आकडा जातो.

पण हे करण्याआधी नॅन, म्हणजे "हा आकडाच नाही" सांगणारी बिटरचना, वेगळा काढायलाच हवा. ज्या नॅनमध्ये चिन्हाचा सोडून सगळे बिट एक आहेत, त्यात ३२७६७ मिळवले की हातचा वर चढत चिन्हाच्या बिटापर्यंत पोचतो आणि उत्तर उणे शून्य येतं. आणि ज्या नॅनमध्ये अपूर्णांकाचा फक्त सर्वात खालचा बिट एक आहे, तो अनंत होऊन बाहेर पडतो. बिघडलेल्या सेन्सरचा "वाचता आलं नाही" हा निरोप शून्य फूट पातळी म्हणून नोंदला जाणं किती महागात पडेल, हे पुराच्या गावात वेगळं सांगायला नको. नॅन असेल तर वरचे १६ बिट घ्या, अपूर्णांकाचा सर्वात वरचा बिट एक करा आणि तिथूनच परत या.

पायरी पाचवी: गणित, छपाई, वाचन

सीमॅथमधली फंक्शन नेहमी एसटीडी:: लावून किंवा आधी यूझिंग लिहून बोलवा. नुसतं एसक्यूआरटी लिहिलं तर सीचा डबलवाला अवतार गळ्यात पडू शकतो आणि उत्तर डबल होऊन येतं. जीसीसीची लायब्ररी फ्लोट१६ ची फंक्शन फ्लोटमध्ये काढून परत उतरवते, तेव्हा त्यांच्याकडून वेगाची आशा धरू नका.

प्रिंटएफला हे प्रकार थेट देऊ नका. साधा फ्लोट दिला की तो आपोआप डबल होतो. विस्तारित प्रकारांना ही सवलत नाही, फ्लोट३२_टी लाही नाही. टक्के-एफ डबलची वाट बघत बसतो आणि त्याला दुसरंच काही मिळतं. डबलमध्ये कास्ट करून द्या.

डबलमध्ये कास्ट केल्यावर आणखी एक गोष्ट दिसते. फ्लोट१६ मधला ०.१ भरपूर अंकांनी छापला तर ०.०९९९७५५८५९३७५ येतो. हा बिघाड नाही, तो आकडा खरोखर तिथेच बसलेला आहे. टू_चार्सला तोच आकडा फ्लोट१६_टी म्हणून दिला तर तो ०.१ छापतो, कारण परत वाचल्यावर तोच आकडा मिळेल इतकेच कमीत कमी अंक तो लिहितो. माणसाने वाचायच्या फाइलमध्ये टू_चार्स वापरा, आणि वाचताना फ्रॉम_चार्स. ठरावीक अंक छापायचे असतील तर परत अचूक वाचता यावं म्हणून बीफ्लोट१६ ला ४, फ्लोट१६ ला ५, फ्लोटला ९, डबलला १७ आणि फ्लोट१२८ ला ३६ अंक लागतात. न्यूमेरिक_लिमिट्समधला मॅक्स_डिजिट्स१० हेच सांगतो.

सीआउटवर फ्लोट१२८_टी छापणं लाँग डबल लहान असलेल्या यंत्रांवर ऐच्छिक ठेवलेलं आहे, तेव्हा त्यावर विसंबू नका. तिथेही टू_चार्सच.

बाइट जसेच्या तसे फाइलमध्ये लिहिणार असाल तर लाँग डबल टाळा. ८० बिटांच्या प्रकारात सोळापैकी दहाच बाइट कामाचे. उरलेल्या सहांत काय असेल याचा नेम नाही, त्यामुळे एकाच आकड्याच्या दोन फाइली तुलनेत वेगळ्या ठरतात.

पायरी सहावी: दोन यंत्रांवर दोन उत्तरं

चौथा भिडू प्रोसेसर. इंटेलच्या एव्हीएक्स५१२-एफपी१६ सूचना असतील तर फ्लोट१६ चं गणित हार्डवेअरमध्ये होतं. आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपवर त्या नाहीत. तिथे आकडे फ्लोटमध्ये चढवून गणित होतं आणि उत्तर उतरवलं जातं. एकेकटी बेरीज, गुणाकार, भागाकार किंवा वर्गमूळ असेल तर दोन्हीकडे उत्तर सारखंच येतं, कारण फ्लोटचे २४ बिट ११ बिटांच्या एका क्रियेला पुरून उरतात. लांबलचक पदावलीत मात्र मधली उत्तरं फ्लोटमध्येच राहू शकतात. २०४८ अधिक १ अधिक १ घ्या. प्रत्येक पायरीला उतरवलं तर उत्तर २०४८, शेवटी एकदाच उतरवलं तर २०५०.

सगळीकडे एकच उत्तर हवं असेल तर जीसीसीला -एफएक्सेस-प्रिसिजन=१६ द्या. क्लँगमध्ये याच कामाला -एफफ्लोट१६-एक्सेस-प्रिसिजन हा फ्लॅग आहे, किंमत नन. वेग थोडा जातो, पण टेस्टमधली उत्तरं जुळतात.

डबलमधून फ्लोट१६ मध्ये येताना मध्ये फ्लोटचा थांबा घेऊ नका. दोनदा गोल केल्याने क्वचित शेवटचा बिट चुकतो, आणि असा एखादाच बिट शोधायला सर्वात जास्त वेळ खातो. प्रोसेसरची एफ१६सी सूचना फक्त फ्लोटमधूनच उतरवते, म्हणून डबलसाठी कंपायलर मुद्दाम रनटाइमचं फंक्शन बोलावतो. त्याला बोलावू द्या.

-मार्च=नेटिव्ह हा फ्लॅग स्वतःच्या यंत्रापुरताच ठेवा. नव्या सर्व्हरवर त्याने बांधलेला प्रोग्रॅम जुन्या पीसीवर "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून पहिल्याच गणिताला पडतो.

तपासणीसाठी किमान संच

बिल्ड निदान चार जोड्यांवर चालवा: जीसीसी १३ सी++२३ मध्ये, तीच जीसीसी सी++२० मध्ये, क्लँग, आणि मायक्रोसॉफ्टचा कंपायलर. दुसरी आणि चौथी जोडी मुद्दाम आहे, कारण प्रकार नसताना तुमचा कोड नीट बांधला जातो का हे तिथेच कळतं.

टेस्टमध्ये हे आकडे असू द्या. ४२ पूर्णांक ११/१२: फ्लोट१६ मध्ये ४२.९०६२५, बीफ्लोट१६ मध्ये ४३. ६५५०४ फ्लोट१६ मध्ये तसाच राहतो, ६५५२० चा अनंत होतो. २०४९ चा २०४८, २०५१ चा २०५२. उणे शून्य गेला तर उणे शून्यच परत यायला हवा. दोन्ही टोकांचे नॅन नॅनच राहायला हवेत. नॅन स्वतःशीही समान नसतो, म्हणून बरोबरीने न तपासता इजनॅनने तपासा. आणि फ्लोट१६ ला फक्त ६५५३६ बिटरचना शक्य आहेत, तेव्हा नमुने निवडत बसण्यापेक्षा सगळ्याच्या सगळ्या फ्लोटमध्ये नेऊन परत आणा. साध्या लॅपटॉपवरही हे सेकंदाच्या आत होतं.